भरलेली ताटं

१

त्या माणसांनी अख्ख्या सहलीत एक घास पोटात घातला नाही, हे रुसनाहचं म्हणणं कुणी म्हणजे कुणीच मानलं नाही. पोलिसांनी नाही, मशिदीच्या इमामांनी नाही. सख्ख्या बहिणीचा मुलगा साब्रान, जो त्याच लाँचवर सुकाणू धरून बसला होता, त्यानं तर मुळीच नाही. बाकीचं सगळं सगळ्यांना पटत होतं. पाहुणे होते, जाकार्ताचे होते, बोलायला गोड होते, जाताना डोळे पुसत गेले. एवढंच तेवढं पटत नव्हतं.

"आचिल, ताटं रिकामी खाली येत होती," साब्रान म्हणायचा. मावशीला तिकडे आचिल म्हणतात. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलीत."

रिकामी येत होती म्हणे! रिकामी ती करत होती. वरच्या मजल्यावरून भरलेली ताटं उतरवायची, मागच्या बाजूला जायचं आणि साब्रानची पाठ आहे तोवर सगळं नदीत ओतून द्यायचं. कुमाईच्या धक्क्यावर उतरणारी माणसं आधी तिच्या सांबालची, मिरचीच्या ठेच्याची, चव सांगायची, मग माकडांचं बोलायची, असा तिचा हात. तिच्या ताटाकडे कुणी ढुंकून बघितलं नाही, हे ती धक्क्यावर कळू देणार होती होय? मेली असती, पण बोलली नसती. आणि मग बोलायची वेळ आली तेव्हा दाखवायला काही उरलं नव्हतं. मासे खाऊन गेले.

सुरुवात तिच्याच स्वयंपाकघरात झाली होती. धुराचे दिवस होते. वरच्या अंगाला दलदलीची माती पेटली होती. ती आतल्या आत जळत राहते, पाणी टाकून विझत नाही. कुमाई गाव दुपारीसुद्धा पांढरंफटक. पाकोळ्यांनी आत घरटी करावीत म्हणून बांधलेल्या समोरच्या उंच, बिनखिडक्यांच्या घरांवरचे कर्णे दिवसभर चिवचिवत होते. खरी पाखरं धुरानं कधीच पळाली होती, कर्णे तेवढे त्यांना बोलावत बसले होते.

सहली एकामागून एक रद्द झाल्या. आणि नेमकं याच हंगामात रुसनाहच्या मुलीच्या, माहरीताच्या गळ्यात राष्ट्रीय उद्यानाचा गाईडचा बिल्ला पडला होता. बाप दारमावी तेलताडाच्या मळ्यावर कामाला. त्याला मुलगी नदीवर नकोच होती, मळ्याच्या कचेरीत बसवायची होती. रुसनाह त्याच्याशी भांड भांड भांडली. "मी असते ना लाँचवर? माझ्या डोळ्यांसमोर राहील पोरगी," असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. दारमावीनं शेवटी एक हंगाम कबूल केला. या हंगामात एक तरी सहल नीट पार पडली पाहिजे होती, नाहीतर पोरगी मळ्यावर.

म्हणून जाकार्ताच्या बाईचा फोन आला तेव्हा माहरीता जमिनीवर मांडी घालून बसली, फोन समोर ठेवला आणि वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं इबु, इबु करत पाठ केल्यासारखं सगळं सांगायला लागली. रुसनाह शेजारी मासळी साफ करत होती.

"पहिल्या दिवशी खालचा धक्का बघू, इबु. तिथं फळं ठेवतात, ओरांगउटान खाली उतरतात. सांज झाली की काठच्या झाडांवर लांबनाकी माकडं झोपायला येतात. मुक्काम लाँचवरच. निपाच्या झाडीत काजवे असतात. मग दुसऱ्या दिवशी वरचा तळ. मगरी दिसल्या तर दिसल्या."

"तू म्हणशील तसं," फोनमधली बाई म्हणाली. आवाज मऊ होता.

"पण इबु, आधीच सांगते, धूर फार आहे. दिसणार कमी."

"आम्हाला बघायचं फारसं नाहीच गं. लाँचवर कोण कोण असतं?"

"कप्तान असतो, तो माझा मावसभाऊ. स्वयंपाकाला माझी आई. आणि गाईड मी."

"वय काय तुझं?"

"एकोणीस."

"आई बरोबर असते, हे बरंय," बाई म्हणाली.

फोन बंद झाला तशी माहरीता उडी मारून उठली आणि आईच्या गळ्यात पडली. मासळीचे हात वर धरून रुसनाह म्हणाली, "सोड, वास लागेल. बघायचं नाही म्हणते ती. मग येतेय कशाला, झक मारायला?"

"मा! लोकांना निवांतपणा हवा असतो."

"निवांतपणा घरी नसतो वाटतं त्यांच्या."

"तू ना, पाहुण्यांसमोर तोंड बंद ठेव फक्त. भात कर, मासे तळ आणि गप्प बस."

"बघ हं गालुह, माझ्याच घरात मला गप्प बसवतेस," रुसनाह म्हणाली, पण हसली. लाडात आली की ती पोरीला गालुह म्हणायची.

२

पाहुणे सांगितल्या वेळेला धक्क्यावर उभे होते. इबु लास्त्री, तीच फोनवरची बाई, गोलसर चेहऱ्याची, गुडघे दुखत असल्यासारखी जपून पाय टाकणारी. तिचा नवरा. नवऱ्याची म्हातारी आई. आणि दोन थोराड मुलगे. साधी माणसं. सामान बेताचं. म्हातारीला साब्राननं हात धरून वर चढवलं तेव्हा तिनं त्याला दुवा दिली. रुसनाहनं मनातल्या मनात स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या. चांगल्या माणसांवर उगाच संशय घेतला.

दुपारी तिनं पांगासची मासळी तळली, भोपळ्याच्या पाल्याची पातळ भाजी केली, सोयाबीनचे तेंपे परतले, सांबाल वाटला. निळ्या फुलांची ताटं वाढून शिडीनं वर नेली. वरचा मजला उघडा, चटया अंथरलेल्या. ते पाच जण गोल करून बसले होते. तिनं ताटं मांडली.

म्हातारीनं उजव्या हाताचं एक बोट पुढे केलं, भाताला जरासं लावलं आणि ओठाला टेकवलं. मग तिच्या मुलानं, लास्त्रीच्या नवऱ्यानं केलं. मग लास्त्रीनं. मग त्या दोघा थोराड पोरांनी.

रुसनाहला पहिल्यांदा बरंच वाटलं. ही तर आपली रीत. कुमाईत लहान पोरालासुद्धा ती शिकवावी लागत नाही. घाईत निघालेल्या माणसापुढे चहा आला, भात आला, तर निदान बोट लावायचं, ओठाला टेकवायचं आणि मग खुशाल जायचं. तसंच पाठ फिरवून गेलात तर कपुहुनान लागते. ते न शिवलेलं अन्न माणसाच्या मागे येतं. कुणाचा पाय घसरतो, कुणाला साप भेटतो, कुणाला नदी घेते. मोठमोठे साहेबसुद्धा कचेरीतून उठताना चहाच्या पेल्याला बोट लावून उठतात.

ती शिडी उतरली आणि मधल्या पायरीवरच थांबली.

जाकार्ताच्या माणसांना ही रीत सांगितली कुणी? आणि दुसरं म्हणजे, ही तर निघणाऱ्यानं करायची गोष्ट. ज्याला खायचं नाही त्यानं. जेवायला मांडी घालून बसलेला माणूस कशाला करेल?

ताटं आणायला ती वर गेली तेव्हा भात जसा वाढला होता तसाच होता. तेंपेचे तुकडे जिथल्या तिथं. लास्त्री म्हणाली, "फार छान होतं, इबु." आणि सगळ्यांनी मान डोलावली.

"डाएट असतं शहरातल्या लोकांचं," माहरीता खाली येऊन कुजबुजली. "आणि ती रीत फोनवर बघितली असेल. सगळं असतं फोनवर. तू साब्रान आबांगला सांगू नकोस हं, उगाच म्हणेल जेवण बिघडलं."

हे शेवटचं बोलणं रुसनाहच्या वर्मी लागलं. तिनं ताटं उचलली आणि मागच्या बाजूला गेली.

३

मग ती हट्टालाच पेटली. संध्याकाळी केळीची भजी केली, नारळाच्या दुधातलं कोळंबीचं कालवण केलं. चहात आलं घातलं. साधा भात नको असेल म्हणून पिवळा भात केला, वर तळलेला कांदा पेरला. प्रत्येक वेळी पाच बोटं पुढे आली, पाच ओठांना टेकली, आणि प्रत्येक वेळी ताटं जड हातानं खाली आली. पाण्याचे पेलेसुद्धा काठोकाठ.

तिचं स्वयंपाकघर वरच्या मजल्याच्या बरोबर खाली. डोक्यावर फळ्या. इतक्या वर्षांत त्या फळ्यांवरून तिला माणसं कळायची. कोण पाय ओढतो, कोण सारखा उठबस करतो, नवरा-बायकोचं कशावरून बिनसलंय, सगळं. या पाच जणांचा आवाजच नव्हता. माहरीता वर गेली की बोलणं सुरू व्हायचं. प्रश्न, हसणं, म्हातारीचं खोकणं. ती शिडीवर पाय ठेवून खाली यायला लागली की सगळं एका क्षणात बंद. कुणी कूस बदलत नव्हतं. फळी करकरत नव्हती.

"अरे, तुझ्या पाहुण्यांना जीभ नाही का रे?" तिनं साब्रानला विचारलं.

"तुझ्या सांबालनं जळली असेल, आचिल."

"थट्टा करू नकोस. वर जाऊन बघ जरा. नुसते बसलेत."

"मग काय नाचायला पाहिजे? धुरात बघण्यासारखं काय आहे त्यांना? तुला गोंगाट करणारे पाहुणे आले की डोकं दुखतं, गप्प बसणारे आले की पोटात दुखतं."

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. खातही असतील काहीतरी, ती स्वतःला म्हणाली. पिशवीत बिस्किटं असतील. पोटाचा काही आजार असेल, घराण्यातला. पंचतारांकित हॉटेलात खाणाऱ्यांना नदीच्या पाण्यात धुतलेल्या ताटांची किळस येत असेल. किळस येऊ दे मेल्यांना, पण मग छान होतं म्हणून सांगतात कशाला?

सकाळी पाहुणे माकडं बघायला पुढच्या बाजूला उभे राहिले तेव्हा ती चटया झटकायला वर गेली. खरं तर शोधायलाच गेली. बिस्किटाचा चुरा नाही, कागद नाही, फळाची साल नाही. मुंग्या नाहीत. प्रत्येक सहलीत दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर मुंग्यांची रांग लागते, ती झाडूनं मारत बसते. आज एक मुंगी नव्हती. संडासात डोकावली. बादली तिनं काल जेवढी भरली होती तेवढीच होती.

ती बादलीकडे बघत उभी राहिली. बाहेर लास्त्री माहरीताला विचारत होती, "तुला पोहता येतं का गं?"

"येतं ना, इबु. पण या नदीत कोण पोहणार? मगरी आहेत."

आणि सगळे हसले. अगदी साध्या माणसांसारखे हसले.

४

वरच्या तळावर रुसनाह कधी जात नसे. पाहुणे जंगलात गेले की तेवढाच तिला पाठ टेकायला वेळ. त्या दिवशी मात्र तिनं पायांत चप्पल सरकवली.

"तू कुठं निघालीस?" माहरीता वैतागली.

"पाय मोकळे करायला."

"मा, प्लीज. मला लाज आणू नकोस."

"तुझ्या पाहुण्यांपासून लांब चालते. झालं?"

लाकडी फळ्यांची वाट दलदलीवरून आत जाते. धुरामुळे चार झाडांपलीकडे काही दिसत नव्हतं. पाखरांचा आवाज नव्हता, किड्यांचा नव्हता. फळं ठेवायच्या मचाणासमोर बाकं टाकलेली. पाहुणे पुढच्या बाकावर ओळीनं बसले. रुसनाह मागं झाडाला टेकून उभी राहिली.

रक्षकानं केळ्यांचे घड मचाणावर टाकले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून लांब साद घातली. एरवी या सादेसरशी फांद्या वाकायला लागतात. आज वर काहीतरी हललं आणि थांबलं. माना उंचावून बघितलं तर ते सगळे वरच होते. लाल केसांचे ढीग, फांद्यांना धरून बसलेले. खाली बघत. एकही उतरत नव्हता.

"उतरा की रे नवाबांनो," रक्षक ओरडला. "ताट पण वर आणून देऊ का?"

बऱ्याच वेळानं एक मादी उतरली. पोटाशी पिल्लू घट्ट. मचाणावर आली, पण केळ्यांकडे बघितलं नाही. ती बाकांकडे बघत होती. मग तिनं लांब हात पुढे केला, एक बोट केळ्याला लावलं आणि ते बोट ओठाला टेकवलं. आणि पाठ न वळवता, मागे मागे सरकत, झाडावर चढून गेली.

रुसनाह टेकलेल्या झाडापासून सरळ झाली.

"धुरानं भूक मेलीय त्यांची," रक्षक म्हणाला.

असेल. माकडं माणसांची नक्कल करतात. चड्डी धुतात, साबण चोरतात, तिनं स्वतः बघितलंय. इतकी वर्षं इथल्या लोकांना बघत असतील, उचलली असेल सवय. केळ्यावर काही लागलं असेल, चाखून बघितलं असेल. रुसनाहनं भराभर हे सगळं स्वतःला सांगितलं. मग तिची नजर बाकाकडे गेली.

माहरीता फोन वर धरून फांद्यांचे फोटो घेत होती, तोंडानं माहिती सांगत होती. पाचही पाहुणे तिच्या तोंडाकडे बघत होते. एकानंही मान वर केलेली नव्हती. म्हातारीचे ओठ हलकेच हलत होते, मूल जेवत असताना आईचे हलतात तसे.

५

परतीच्या वाटेवर, लाँच खाली निघाल्यावर, लास्त्रीनं हाक मारली. "माहरीता, वर ये गं. आईलाही बोलाव."

रुसनाह हात पुसत वर गेली. पाचही जण गोल बसले होते. मध्ये एक डबा होता. लास्त्रीनं झाकण काढलं आणि केळीच्या पानाची एक पुडी बाहेर काढली. पानाच्या घडीतून वाफ येत होती.

"हे दोन दिवस तुम्ही आम्हाला वाढलंत," लास्त्री म्हणाली. "आता आमच्या हातचं घे, पोरी. चिकट तांदळाचा भात आहे. तुझ्यासाठी राखून ठेवलाय."

रुसनाह त्या वाफेकडे बघत राहिली. लाँचवर चूल एकच, आणि ती तिच्या हाताखाली. सकाळपासून त्या चुलीजवळ दुसरं कुणी आलं नव्हतं. घरून आणलेला भात एव्हाना आंबला असता.

"कशाला, इबु," माहरीता लाजून म्हणाली. "पोट भरलंय माझं."

"मग बोट तरी लाव. तुमच्यात रीत आहे ना?"

"हो, तेवढं तर लावलंच पाहिजे," माहरीता म्हणाली आणि हसून हात पुढे केला.

लावलं तर काय आणि नाही लावलं तर काय, हे दोन्ही रुसनाहला एकदमच सुचलं. समोर आलेलं अन्न न शिवता पोरगी उठली तर कपुहुनान. आणि शिवलं तर? जी माणसं खात नाहीत त्यांच्याकडे अन्न येतं कुठून, आणि ते असतं कसलं? विचार पुरा व्हायच्या आत तिचा हात गेला होता. फाडकन तिनं माहरीताच्या मनगटावर मारलं आणि तिला मागे ओढलं. पुडी चटईवर पडली. उलगडली नाही.

म्हातारीनं पुडी उचलली, पुसली आणि डब्यात ठेवली. झाकण लावल्याचा आवाज झाला.

"हात तरी लागू द्यायचा होता, इबु," लास्त्री म्हणाली. रागावली नव्हती. वाईट वाटल्यासारखं म्हणाली. पण तिच्या नवऱ्यानं मांडी सैल केली, लांबचा प्रवास संपल्यासारखा श्वास सोडला आणि पहिल्यांदाच बायकोकडे बघून हसला.

खाली आल्यावर माहरीता फुटली. "काय झालंय तुला? वेड लागलंय? ती बाई फोनवर चार चांगले शब्द लिहिणार होती माझ्याबद्दल! बाबा म्हणतात तेच खरं. तू मला कधी मोठं होऊ देणार नाहीस."

"ती माणसं जेवत नाहीत, गालुह."

"तुझं जेवण आवडत नाही त्यांना! एवढंच आहे! आवडत नाही!"

रुसनाहनं आजवर पोरीवर हात उगारला नव्हता आणि आज दुसऱ्यांदा उगारणार होती. माहरीतानं तो बघितला, डोळे पुसले आणि पुढे निघून गेली. जाताना साब्रानला म्हणाली, "बघितलंस, आबांग? मानं काय केलं बघितलंस?" आणि लाँचच्या पुढच्या टोकाला जाऊन बसली. धुरात तरंगते ओंडके दिसत नाहीत. कुणीतरी पुढे बसून हात दाखवावा लागतो.

६

रुसनाह चुलीपाशी बसली. धुरातून माहरीताची पाठ दिसत होती, डोक्यावरचा पिवळा रुमाल दिसत होता. इंजिनाची टकटक एकसारखी चालू होती.

आता काय करायचं? वर जाऊन ती पुडी मागायची, माफी मागायची, पोरीचं बोट तिला लावायचं, म्हणजे निदान कपुहुनान तरी टळेल. तिची आजी असती तर तिनं हेच सांगितलं असतं. ती उठली. शिडीपर्यंत गेली. मग ती मादी आठवली, पिल्लाला छातीशी धरून मागे मागे सरकणारी, आणि पाय उचलेना. मादीनं तर बोट लावलं होतं. लावलं म्हणूनच सुटली का? का लावून, न खाऊन सुटली? रुसनाहचं डोकं चालेना. परत येऊन बसली. हाताला काम हवं म्हणून तांदूळ धुवायला घेतले. धुऊन झाले की जाते वर, असं तिनं ठरवलं.

तांदळातलं पाणी ओतत असताना वरून आवाज आला.

चमचा ताटाला लागल्याचा. मग दुसरा. मग भात कालवताना होतो तसा ओला, मऊ आवाज. फळ्या करकरल्या. कुणीतरी पुढे सरकून बसलं, कुणीतरी कुणाला काहीतरी वाढलं. म्हातारी समाधानानं हुंकारली.

आणि खरं सांगायचं तर, पहिल्या क्षणी रुसनाहला आनंद झाला. जेवतायत! शेवटी जेवतायत एकदाची! आवडलं काहीतरी मेल्यांना!

मग तिनं हातातल्या तांदळाकडे बघितलं. कच्चे तांदूळ. चूल थंड. तिनं अजून काही रांधलंच नव्हतं, वर काही पाठवलंच नव्हतं. फळीवर बघितलं. सकाळी धुऊन रचून ठेवलेली निळ्या फुलांची ताटं तिथं नव्हती.

तिनं मान वळवली. पुढच्या टोकाला धूर होता. पिवळा रुमाल नव्हता.

"गालुह?" तिनं हाक मारली. साब्रान सुकाणूवर वाकून धुरात डोळे ताणून बघत होता, त्यानं वळूनही बघितलं नाही. इंजिनाच्या आवाजात कुणालाच काही ऐकू आलं नसतं. वरचे मात्र सगळे आवाज तिला येत होते. एकूण एक.

ती शिडी चढली. डोकं वर निघेल एवढीच चढली, पुढे पाय गेला नाही.

पाठी दिसल्या. पाच पाठी, गोल, खाली वाकलेल्या. कोपरं हलत होती. मध्ये काय होतं ते पाठींमुळे दिसलं नाही. त्यातला एक मुलगा शेजारच्याच्या ताटातलं काहीतरी हक्कानं उचलत होता, भावाभावांत चालतं तसं. वास येत होता. डोळे बांधून समोर ठेवा, रुसनाह वासावरून पदार्थ सांगते, धक्क्यावर पैजा लागायच्या. हा वास तिला माहीत होता. पण तो कुठल्या पदार्थाचा नव्हता. माहरीता जन्मली तेव्हा सुईणीनं तिला पुसून पहिल्यांदा आईच्या छातीवर ठेवलं, तेव्हा तिच्या टाळूला येत होता तो वास.

लास्त्रीनं मागे वळून बघितलं. गाल भरलेले होते. तिनं घास गिळला, रुमालानं ओठ टिपले.

"तुमच्या हाताला खरंच चव आहे, इबु," ती म्हणाली.

७

पोलिसांनी पडली असं लिहिलं. लाँच ओंडक्याला घासली असेल, धक्का बसला असेल, पुढच्या टोकाला कठडा नाही. साब्रानला धक्का बसल्याचं आठवत नव्हतं, मग आठवायला लागलं. होड्या नदीभर फिरल्या, जाळी टाकली, मगरींचे काठ धुंडाळले. काही मिळालं नाही. एक केस मिळाला नाही.

रुसनाहनं जे बघितलं ते सांगितलं. पहिल्यांदा ओरडून, मग रडून, मग नुसतं सांगितलं. पोलिसानं विचारलं, वर काय खात होते ते तुम्ही बघितलं का? नाही बघितलं. ताटांत काही होतं? नाही, चाटूनपुसून साफ होती. मग तो साब्रानकडे बघायचा आणि साब्रान मान खाली घालायचा. "धक्का बसलाय आचिलला," म्हणायचा. "ते जेवत होते, साहेब. रोज जेवत होते."

पाहुण्यांनी जबाब दिले. लास्त्रीचे डोळे रडून सुजले होते. धक्क्यावर जमलेल्या बायकांना तिनं हात जोडून सांगितलं, की आम्ही पोरीला प्रेमानं घास देऊ केला होता, तिला तो शिवूसुद्धा दिला नाही. आम्हाला तेव्हाच कसंतरी झालं. मग ते गाडीत बसले आणि गेले. गाडीत चढताना तिचे गुडघे दुखत नव्हते. हेसुद्धा रुसनाहशिवाय कुणी बघितलं नाही.

पण पुडीची गोष्ट कुमाईत राहिली. पोलिसांच्या कागदात ती नव्हती, प्रत्येक घरात मात्र होती. पोरीसमोर अन्न आलं, पोरगी न शिवता उठली, नदीनं नेली. यात न समजण्यासारखं काय होतं?

दारमावी मळ्यावरून आला तो थेट पोरीसाठी ठेवलेल्या प्रार्थनेलाच बसला. पुरुष बाहेरच्या खोलीत, बायका दाराशी. प्रार्थना झाली, चहा फिरला. ज्यांना नको होता त्यांनी पेल्याला बोट लावलं. दारमावीनंही लावलं. बायकोकडे त्यानं आल्यापासून बघितलं नव्हतं. तो साब्रानला म्हणाला, "लाँच तुझी होती. मला एकच सांग. पुडी समोर आली तेव्हा माझ्या पोरीनं काय केलं?"

"हात पुढे केला, पामान," साब्रान म्हणाला. "तिनंच जाताना मला सांगितलं. बोट लावणारच होती."

"मग?"

साब्राननं चहाचा पेला उचलला. इमामांनी जपमाळ खिशात ठेवली. दाराशी बसलेल्या बायका एकमेकींपासून जराशा सरकल्या आणि रुसनाहच्या दोन्ही बाजूंना जमीन मोकळी झाली.

"ती माणसं जेवत नव्हती हो," रुसनाह म्हणाली. "अल्लाची शपथ, एक घास नाही."

कुणी तिच्याकडे वळलं नाही.

"मी विचारतोय, साब्रान," दारमावी म्हणाला. "तिचा हात मागे ओढणारं कोण?"

ती वाट बघत होती. तो आचिल म्हणेल, आणि तेवढ्या एका शब्दाच्या आधारानं आपण उठून उभ्या राहू, असं तिला वाटलं. बोलायला शिकल्यापासून त्यानं तिला दुसरं काही म्हटलं नव्हतं. आपल्यापेक्षा मोठ्या बाईचं नाव तोंडातून काढणं त्यांच्यात पापच. साब्राननं पेला खाली ठेवला, तो चटईवर सरळ बसेपर्यंत फिरवला, आणि मान वर न करता म्हणाला,

"रुसनाह."